चिऱ्याच्या घरात इंटरनेट: गुहागर तालुक्यातल्या एका वाडीचं प्रकरण

मे महिन्यात मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दादा-वहिनींनी ठरवलं की निदान दिवाळीपर्यंत पुण्याचं घर बंद ठेवायचं आणि गावी राहायचं. दादा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला घरून काम करायची मुभा मिळाली, पण दिवसाच्या तीन-चार मीटिंगा चुकवून चालणार नव्हतं. वहिनी अमेरिकेतल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. तिकडची शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवार-रविवारची सकाळ, त्यामुळे तिचे वर्ग पहाटे साडेपाचला सुरू होतात. मामांना एवढंच हवं होतं की घर भरलेलं राहावं.

आणि घर कुठे, तर गुहागर तालुक्यात, सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या पठारावरून, खाली घळीत उतरणाऱ्या एका वाडीत. कौलारू, चौपाखी, दीड-दीड फुटांच्या चिऱ्याच्या भिंती. तिथे इंटरनेट म्हणजे ओटीच्या खिडकीतली फळी. त्या फळीवर फोन ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा आणि कोणाचा धक्का लागणार नाही हे बघायचं. रोजचा २ जीबी डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा फोटोसुद्धा गोल फिरत राहतो.

मी अकरा वर्षं नेटवर्कच्या कामात आहे, म्हणून दादाने मला बोलावलं. जाताना बॅगेत तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आणि एक जुना फोन घेतला. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण कनेक्शन निवडताना जवळजवळ प्रत्येक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. आधी प्लॅन बघतो आणि घर नंतर.

आधी गरज मोजली

दादाने मला पहिल्यांदा पाठवलं ते एका प्लॅनचं चित्र होतं: ३०० एमबीपीएस, सोबत डझनभर ओटीटी. मी त्याला विचारलं, एकाच वेळी घरात काय काय चालू असेल? यादी केली. दादाचा व्हिडिओ कॉल, कधी त्याच वेळी वहिनीची पालकांशी मीटिंग, मामांचा टीव्ही, दोन फोन. चांगल्या चित्राच्या एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना दीड ते चार एमबीपीएस पुरतात. एचडी सिनेमाला पाचच्या आसपास. सगळं एकदम चाललं तरी बेरीज पंचवीसच्या वर जात नव्हती. पन्नासचा प्लॅन भरपूर होता.

पण या बेरजेत एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे अपलोड. सिनेमा बघणाऱ्याला फक्त खाली येणारा डेटा लागतो, शिकवणाऱ्याला वर जाणाराही तितकाच लागतो. मोबाईल नेटवर्कची रचना मुळात खाली येणाऱ्या डेटाकडे झुकलेली असते. फळीवरच्या फोनवर डाउनलोड ११ यायचा आणि अपलोड ०.८. वहिनीला मुलं नीट दिसायची. मुलांना मात्र वहिनी थिजलेली दिसायची. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ‘ळ’चा उच्चार शिकवताना ओठ आणि जीभ दिसली नाही तर शिकवण्याला अर्थच राहत नाही. वहिनी मला म्हणाली, ‘मला वेग नको गं, मला तुटायला नको.’ या प्रकरणात मी घेतलेला प्रत्येक निर्णय त्या एका वाक्याला धरून आहे.

घर आणि डोंगर

मोबाईलवर दिसणाऱ्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये असतो, तो बघावा. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८०-८५ उत्तम, उणे १०० म्हणजे कसंबसं, उणे ११० च्या खाली भरवसा नाही. तिन्ही सिम घालून मी घरभर फिरले. माजघरात एकाचा आकडा उणे ११८ आणि बाकी दोघांचा त्याहून वाईट. ओटीवर उणे १०४. माळ्यावर, पूर्वेच्या झरोक्याशी, एका सिमचा आकडा उणे ९१ आला. त्याच झरोक्यातून सड्यावरच्या टॉवरचं टोक दिसत होतं.

लहरींचा स्वभाव इथे कामाला येतो. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंत भेदतात, डोंगराला वळसा घालून येतात, पण त्यांत जागा कमी. गर्दी झाली की वेग कोसळतो. २३०० किंवा ३३०० च्या वरच्या लहरींत जागा भरपूर, पण चिऱ्याच्या भिंतीपुढे त्या हरतात. देशात फाइव्हजी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि इथेही फोनच्या कोपऱ्यात ते अक्षर उमटतं. पण घळीत पोचतो तो बहुतेक खालचा, अरुंद पट्टा. त्यावरून शहरातल्या फाइव्हजीचा अंदाज बांधणाऱ्याची निराशा होणार हे ठरलेलंच.

मग वेग मोजला. पहाटे सहाला, दुपारी दोनला, रात्री नऊला. माळ्यावर त्याच सिमचा आकडा पहाटे ३८, रात्री नऊला ४. सगळी वाडी जेवणं उरकून फोन हातात घेते ती हीच वेळ. जो फक्त दुपारी मोजतो तो स्वतःला फसवतो. स्पीड टेस्टचीही एक गोम आहे. अॅप बहुतेक वेळा जवळचा, कधी कधी त्या कंपनीच्याच नेटवर्कमधला सर्व्हर निवडतं आणि आकडा सुंदर येतो. मी मुंबईचा सर्व्हर हाताने निवडला, आणि शेवटी दादाला पुण्यातल्या सहकाऱ्याशी अर्धा तास खरा कॉल करायला लावला. खरी परीक्षा तीच.

नंबर पोर्ट करायचा विचार कोणी करत असेल, तर एक सांगते. आधी त्या कंपनीचं नवं सिम घ्या, महिनाभर आपल्या घरात वापरा आणि मगच पोर्ट करा. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा हलता येत नाही.

कोण कोण दाराशी आलं

एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला, ‘आपल्या भागात फायबर उपलब्ध’ असं आलं. पैसे भरले. चार दिवसांनी आलेला मुलगा पाणंदीच्या तोंडाशीच थांबला आणि म्हणाला, ‘ताई, आमची लाइन बाजारपेठेपर्यंतच आहे.’ पैसे परत यायला तीन आठवडे लागले. पिनकोड पोस्टाचा असतो, त्यात आठ-दहा गावं येतात. कोकणात तर एकाच गावाच्या वाड्या दोन-दोन किलोमीटर विखुरलेल्या. २०११ साली मंजूर झालेली, पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेलेली योजना फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी आहे. आमच्या वाडीपासून ग्रामपंचायत दीड किलोमीटर आणि एक पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून. अडचण असते ती या शेवटच्या टप्प्याची.

छतावर डबा लावून फाइव्हजी घेण्याचा पर्यायही होता. त्यासाठी टॉवर समोर दिसायला हवा. त्या कंपनीचा टॉवर डोंगरामागे. ते तिथेच संपलं.

राहिला गावचा केबलवाला. त्याने चार वर्षांपूर्वी फायबर टाकलं होतं. ५० एमबीपीएस, ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. दादाला हे कमी दर्जाचं वाटत होतं. मला तसं वाटलं नाही, पण मी केबलवाल्याला दोन प्रश्न विचारले आणि हे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत.

पहिला: ‘खांबावरच्या पेटीला करंट लागतो का?’ काही केबलवाले खांबावर विजेवर चालणारे स्विच बसवतात. लाइट गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद, कारण वाटेतला डबा मेलेला. खऱ्या जीपॉन जोडणीत खांबावर फक्त स्प्लिटर असतो. काचेतून आलेला प्रकाश तो आठ, सोळा, बत्तीस वाटांत विभागतो; त्याला वीज लागतच नाही. विजेची गरज दोनच टोकांना, त्याच्या ऑफिसात आणि आपल्या घरात. त्याचं जीपॉन होतं आणि ऑफिसात बॅटऱ्या होत्या. मी जाऊन बघून आले.

दुसरा: ‘रात्री नऊला वेग किती मिळतो?’ त्याचं उत्तर मी ऐकून घेतलं, पण धरलं नाही. शाळेजवळ त्याचं कनेक्शन असलेल्या घरी रात्री गेले, ओळख काढली, चहा झाला, आणि त्यांच्या फोनवर मुंबईचा सर्व्हर निवडून मोजलं. ४१ खाली, ३९ वर. तिथेच निर्णय झाला.

पण एकट्या फायबरवर पावसाळा काढणं मला मान्य नव्हतं. फणसाची एक फांदी पुरते. म्हणून दुसरी वाट मोबाईलची: माळ्यावरच्या झरोक्याशी सिमचा राउटर. आता दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत का, हेही बघावं लागतं. पुष्कळ टॉवरना फायबरनेच डेटा पोचतो आणि ते फायबर त्याच रस्त्याकडेने गेलेलं असतं. एकच झाड दोन्ही तोडतं. सड्यावर चढून टॉवर बघितला. त्यावर ढोलासारख्या दोन पांढऱ्या गोल तबकड्या होत्या, एक चिपळूणच्या दिशेला रोखलेली. त्या मायक्रोवेव्हच्या. म्हणजे हा टॉवर हवेतून जोडलेला होता, आणि रस्त्याकडेच्या फायबरशी त्याचा संबंध नव्हता. मला हवं होतं तेच.

जोडणीचा दिवस

शाळेजवळच्या पेटीपासून घरापर्यंत ६४० मीटर केबल. दादाला धास्ती की एवढ्या लांब सिग्नल येईल का. अंतर हा फायबरचा शत्रू नव्हे. एका किलोमीटरमागे पाव ते एक तृतीयांश डेसिबलच प्रकाश हरवतो. आठ वाटांचा स्प्लिटर एकटा दहा डेसिबल खातो, आणि घाणेरडा जोड कितीही.

लाइनमन दुपारी आला. ओटीवर गोणपाट अंथरून बसला. केबलचं काळं कवच सोललं, आतला केसासारखा धागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, क्लीव्हरमध्ये ठेवून टोक सरळ छाटलं. स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, क्षणभर ठिणगी, आणि दोन्हींचा एक धागा. वरून बाही सरकवून ती भाजली. मामा चष्मा लावून वाकून बघत होते. ‘अगो, ह्यातून एवढं सगळं येतं?’

मग त्याने पॉवर मीटर, म्हणजे केबलमधून येणारा प्रकाश मोजायचं यंत्र, लावला. उणे २६.८ डीबीएम.

‘चालेल ताई, हिरवी लाइट लागते,’ तो म्हणाला. घरच्या डब्याची, म्हणजे ओएनटीची, मर्यादा साधारण उणे २७ असते. म्हणजे आज चालणार होतं, आणि पहिल्या सरीत एखाद्या जोडात ओल शिरली की तुटणार होतं. मी म्हटलं, ‘भाऊ, मे महिन्यात २६.८ आहे, जुलैत काय होईल?’ तो हसला नाही की चिडला नाही. उठला आणि डब्याची जोडणी काढून बघितली. ओएनटीचं भोक हिरवं, त्यात खोचलेल्या छोट्या वायरचं टोक निळं. हिरव्या कनेक्टरचं काचेचं तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण तोंडं जुळत नाहीत आणि प्रकाश सांडतो. दुसरी, हिरव्या टोकाची वायर लावली: उणे २३.१. नंतर तो आंब्याजवळच्या खांबावर चढला. तिथे उरलेली केबल मुठीएवढ्या वेटोळ्यात करकचून बांधली होती. काच वाकवली की प्रकाश वळणावरून बाहेर पडतो. वेटोळं ताटाएवढं मोठं केलं: उणे २१.९.

हे आकडे लहान दिसतात, पण डेसिबलचं मोजमाप तीन-तीनने दुप्पट होतं. २६.८ वरून २१.९ म्हणजे तिपटीहून थोडा जास्तच प्रकाश. अर्ध्या तासाच्या त्या कामाने पावसाळा निभावला असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे जोडणी झाली की आपण स्पीड टेस्ट बघतो आणि माणसाला चहा देऊन पाठवतो. हा आकडा विचारा आणि लिहून ठेवा. नंतर तक्रार करताना ‘स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘२१.९ होतं, आज २६ आहे’ म्हणणाऱ्याकडे माणूस लवकर येतो.

केबलला आधार देणारी पोलादी तार मी पडवीच्या बाहेरच तोडून घेतली. काच वीज वाहत नाही, तार वाहते. आगोटीच्या विजांनी पूर्वी तांब्याच्या टेलिफोन लाइनवरचे मोडेम जळालेले मामांनी दोनदा पाहिलेत.

भिंती

लाइनमनला राउटर दाराशी लावायचा होता, कारण तिथे त्याचं काम संपत होतं. सगळीकडे असंच होतं. दाराशी वायफाय ४८, वहिनीच्या वर्गाच्या खोलीत ३. मध्ये दीड फुटांच्या दोन भिंती. चिरा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वायफायला पिऊन टाकतं. जूनमध्ये आकडा आणखी घसरणार हे उघड होतं. ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच संपलं, २.४ कसंबसं पोचलं.

बाजारात यावर रिपीटर विकतात. मी या घरासाठी तो घेतला नाही. रिपीटरला जे ऐकू येतं तेच तो पुढे सांगतो. त्यालाच अर्धवट ऐकू आलं तर पुढेही अर्धवटच जाणार. माळ्यावरून बहालाच्या कडेने कॅट सिक्स वायर ओढली आणि वर्गाच्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा वेगळा डबा, बसवला. माळ्यावर उंदीर, म्हणून वायर पीव्हीसी पाइपातून. वायर घेताना दुकानात ब्लेडने धागा खरवडून बघितला. आत चंदेरी निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. पहिल्या दुकानातला चंदेरी निघाला, दुसऱ्यातला आतपर्यंत तांबूस. तो घेतला. वहिनीच्या टेबलावर त्यानंतर ४७.

विजेचं सोपं होतं. घरात इन्व्हर्टर होता, पण लाइट जाताना क्षणभर झटका बसायचा, ओएनटी बंद पडून पुन्हा उठायला तीन-चार मिनिटं लागायची, आणि वर्गात तेवढ्यात दहा मुलं निघून जातात. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतला. ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर. दोन वाटा जोडणारा राउटर असा लावला की फायबर गेलं तर काही सेकंदांत सिमवर जावा.

विक्रेत्यांनी दोन गोष्टी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, स्टॅटिक आयपी आणि वर्षभराचं आगाऊ पॅकेज. स्टॅटिक आयपीची, म्हणजे कधी न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याची, या घरात कोणाला गरज नव्हती. वर्षाचे पैसे मी भरू दिले नाहीत. कोकणात पावसाळा बघितल्याशिवाय कोणालाही वर्षाचे पैसे देऊ नयेत, मग सूट कितीही असो. आणि ‘अनलिमिटेड’ शब्दाखालची बारीक अक्षरं वाचावीत. ठरावीक जीबीनंतर वेग किती उरतो ते तिथे असतं. २५ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात; त्याआधी ५१२ केबीपीएस पुरत. म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर २ वर आलेलं कनेक्शनही कागदावर ब्रॉडबँडच, आणि त्यावर शिकवता येत नाही.

जुलै

१४ तारखेच्या रात्री वारा सुटला. पहाटे पाचला वहिनी उठली तेव्हा ओएनटीवर लाल दिवा लागलेला, म्हणजे प्रकाशच येत नव्हता. राउटर सिमवर गेलेला. साडेपाचचा वर्ग सुरू झाला. वहिनीने चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला, दादाचे आणि मामांचे फोन वायफायवरून काढले. पहाटेची वेळ, टॉवर मोकळा; तीन तास वर्ग अखंड चालला. एक आई नंतर म्हणाली, ‘आज मागे पावसाचा आवाज छान येत होता.’ एवढाच फरक तिकडे पोचला.

दुरुस्तीची कहाणी वेगळी. कॉल सेंटरवर तक्रार नोंदवली. दुपारी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवली आहे.’ लाल दिवा तसाच. पुन्हा नोंद, संध्याकाळी पुन्हा तसाच मेसेज. याचा मला मनापासून राग आला. घरातला माणूस दिव्याकडे बघत बसलेला असताना त्याला ‘सुटलं’ म्हणून कळवणं हे अपमानास्पद आहे. तिसऱ्या दिवशी मामा छत्री घेऊन स्वतः बाजारपेठेत गेले आणि लाइनमनला घेऊन आले. आंब्यापलीकडच्या खांबावर फणसाची फांदी पडून केबल तुटली होती. जोडायला चाळीस मिनिटं लागली. मीटरवर उणे २२.३.

त्या तीन दिवसांत रात्री नऊला सिमवर वेग चार-पाचच होता. दादाने संध्याकाळच्या मीटिंगा कॅमेरा बंद ठेवून केल्या. दुसरी वाट पहिलीइतकी रुंद नसते. वर्ग बुडू न देणं एवढंच तिचं काम, आणि ते तिने केलं.

त्यानंतर मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहितात तिथेच, नेटचेही लिहायला सुरुवात केली. गेल्याची वेळ, आल्याची वेळ, दिव्याचा रंग. लाल दिवा म्हणजे बाहेरची लाइन, दिवा हिरवा असून नेट नाही म्हणजे ऑफिसकडचा घोटाळा, हे त्यांना आता माझ्याइतकं कळतं. ऑगस्टमध्ये पाच नोंदी झाल्या. त्यांतल्या चार हिरव्या दिव्याच्या, सगळ्या रात्री साडेआठ ते दहामधल्या. कॅलेंडरचं ते पान घेऊन मामा केबलवाल्याकडे गेले. त्याने ते नीट वाचलं आणि वरून घेतलेली क्षमता वाढवली. सप्टेंबरात एकच नोंद आहे.

सहा महिन्यांचे पैसे ऑक्टोबरात भरले. फणसाखालचा खांब अजून तिथेच आहे. केबल त्यावरून काढून पाणंदीच्या दुसऱ्या अंगाने न्यायची, साधारण सत्तर मीटर जास्त लागेल. लाइनमनने एप्रिलचा शब्द दिला आहे आणि मामांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.